लालजी बिल्डिंगचं गाऱ्हाणं

रत्नागिरीच्या बाजारात लालजी बिल्डिंग कुठे म्हणून विचारलंत तर कुणीही बोट दाखवील. पण तिच्याकडे मान वर करून बघणारा माणूस गेली काही वर्षं एकच, नगरपरिषदेचा. तो मे महिन्यात यायचा, 'धोकादायक' असा कागद दारावर चिकटवायचा, आणि जूनच्या पावसात तो कागद गळून पडला की आम्ही सगळे पुन्हा सुरक्षित व्हायचो.

मी विमला. बिल्डिंगच्या जिन्याखालचं दोराचं दुकान माझं. दोर, जाळ्याचं सूत, गळ, शिसं, होडीला लावायचा रंग. आता मच्छीमारांची खरेदी बंदराजवळ मिरकरवाड्यातच होते, बाजारात एवढ्या लांब कोण येतो? माझ्याकडे येतात ते कपडे वाळत घालायची दोरी मागायला. देते. तोंड वाकडं करते, पण देते.

बिल्डिंगच्या कपाळावर चुन्यात १८८४ असा आकडा आहे. लालजीशेट कच्छचा. काथ्या आणि नारळाच्या व्यापारात त्याने पैसा केला आणि मुंबईच्या फोर्टात बघून आला तशीच इमारत त्याला इथे हवी झाली. जांभ्याच्या भिंती, कमानीची दारं, वर सागवानी गॅलरी आणि गॅलरीखाली विलायतेहून मागवलेले लोखंडी खांब. आगबोटीतून पडावात, म्हणजे माल वाहायच्या होडीत, उतरवताना त्यातला एक खांब मांडवीसमोर समुद्रात पडला तो पडलाच. म्हणून अगदी डावीकडचा खांब फणसाच्या लाकडाचा आहे आणि त्याला लोखंडासारखा काळा रंग फासलाय. विलायती खांबांना गंज चढून पापुद्रे सुटले, फणस अजून ठणठणीत आहे. हे मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असते. कुणी ऐकत नाही, ती गोष्ट वेगळी.

आमच्या घराण्याचा ह्या इमारतीशी संबंध आला तो तिच्या पायापासून. आमच्याकडे जागा कागदावर कुणाच्याही नावाची असो, तिचा एक राखणदार असतो. त्याला जागेवाला म्हणतात. त्याला विचारल्याशिवाय कुदळ मारायची नाही. विचारायचं म्हणजे गाऱ्हाणं घालायचं. नारळ ठेवायचा, जे काय असेल ते त्याला मोठ्याने सांगायचं आणि जमलेल्यांनी दर बोलाला 'व्हय महाराजा' म्हणायचं. लोकांनी व्हय म्हटलं की ठरलं, मग मागे फिरणं नाही. लालजीशेटाने हे काही केलं नाही आणि त्याची पुढची भिंत दोनदा बसली. तेव्हा लोकांनी त्याच्या कानावर घातलं. पण शेटाला धड मराठी येईना आणि जागेवाल्याला कच्छी येत असेल ह्याची खात्री कोण देणार? म्हणून त्याने आमच्या खापरपणज्याला बोलावलं. तो त्याच्या गलबतावर खलाशांचा तांडेल होता, आवाज भरतीच्या वेळीही ह्या होडीतून त्या होडीत जायचा. त्याने गाऱ्हाणं घातलं आणि भिंत उभी राहिली. ती चुन्याचं प्रमाण सुधारलं म्हणून की गाऱ्हाण्यामुळे, ह्यावर वरच्या मजल्यावर बसणारे वकील पुढे कित्येक वर्षं वाद घालत. मला विचाराल तर दोन्हींमुळे. शेटाने खूश होऊन जिन्याखालची जागा आमच्या घराण्याला दिली, ती ह्या अटीवर की दर मार्गशीर्षात गाऱ्हाणं आमच्याच माणसाने घालायचं.

आता सदूकडे येते. येणारच आहे, तर उगाच आढेवेढे कशाला?

सदू माझा धाकटा भाऊ. आम्ही लहान असताना आगबोटी चालू होत्या. वरच्या गॅलरीतून समुद्राची एक पट्टी दिसायची, पुढे समोर बँकेची इमारत झाली आणि ती गेली. आगबोटीचा धूर दिसला की सदू गॅलरीतून ओरडायचा आणि खाली सगळ्या दुकानांत धावपळ सुरू व्हायची. हमाल उठायचे, आंब्याच्या पेट्यांना दोर पडायचे, माझा बाप दोर कापता कापता वर बघून म्हणायचा, "सद्या, पडशील रे!" तो कधी पडला नाही. पण त्या धुराने त्याचं डोकं फिरवलं ते फिरवलंच. मोठा झाल्यावर बोटीवर गेला, खलाशी म्हणून. मी तेव्हा चिडले होते. घरात एकुलता एक मुलगा, गाऱ्हाणं शिकायचं सोडून हा निघाला बोटीचं लोखंड रंगवायला. पण सुट्टीवर आला की दुकानाच्या पायरीवर बसून सगळ्या बाजाराला गोष्टी सांगायचा, आणि मीही वजनाचा काटा सोडून ऐकत बसायचे. लग्न केलं नाही. पोरी बघितल्या, नाकं मुरडली. माझा नवरा गेल्यावर मी रुपालीला, माझ्या मुलीला घेऊन माहेरी आले तेव्हा म्हणाला, "बरा झाला, आता दुकानाला बाईमाणूस मिळाला." असं बोलायचा. आणि त्याच सुट्टीत रुपालीसाठी दप्तर, रेनकोट आणि बोटभर उंचीच्या परदेशी बाहुल्यांचं अख्खं खोकं घेऊन आला.

बंदराला लागला की तो दुकानाच्या फोनवर फोन करायचा. एकदा फोन आला नाही. मग पुढच्या बंदरातूनही आला नाही. कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसात मी जाऊन आले. त्यांनी सांगितलं की तो अमुक बंदरावर स्वतःच्या पायांनी उतरला आणि बोट सुटायच्या वेळी परत आला नाही. आजारी नव्हता, भांडण नव्हतं. उतरला, इतकंच. मेला असता तर मी रडले असते आणि मोकळी झाले असते. उतरलेल्या माणसाचं काय करायचं असतं ते कुणी सांगत नाही.

बाप त्याची वाट बघत गेला. जायच्या आधी त्याने मला गाऱ्हाणं शिकवलं. बाजारातल्या जुन्या मंडळींनी कुरकुर केली, बाईमाणसाने कसं घालायचं म्हणून. बाप म्हणाला, "सदू येईस्तोवर ती घालील." तेव्हापासून दर मार्गशीर्षात मी जिन्याखाली उभी राहते आणि इतर सगळ्या गोष्टी सांगून झाल्या की शेवटी म्हणते, "दर्यावर हाय त्या सदूला सांभाळून आण रे महाराजा." लोक व्हय म्हणतात. मी आपली बदली कामगार. सदू येईस्तोवर.

ह्या वर्षांत बिल्डिंग रिकामी होत गेली. वकील गेले, टायपिंगचा क्लास गेला, छत्रीवाला गेला. लालजीशेटाच्या पणतवंडांनी मुंबईत बसून ती विकली. घेतली विनीतने. विनीत गावचाच मुलगा, लहानपणी माझ्याकडून पतंगाचा मांजा न्यायचा. त्याच्या मोबाइलमध्ये नव्या इमारतीचं चित्र आहे. सगळी काच, आणि खाली दोन झाडं, तीही रत्नागिरीत कधी न बघितलेली.

"काकी, तुम्हाला पुढचा गाळा देतो," तो म्हणाला. "रस्त्यावरचा. तीन वर्षांत पझेशन."

"आणि तीन वर्षं मी खै बसू? तुझ्या मोबाइलात?"

तो हसला. चांगला मुलगा आहे, म्हणून तर जास्त राग येतो. हरामखोर असता तर भांडायला सोपं गेलं असतं.

रुपाली चिपळूणला असते, नवऱ्याची नोकरी तिकडे. तिचं एकच पालुपद होतं, आई, ये इकडे, तुझे गुडघे गेलेत. मला तिच्याकडे जायचं नव्हतं असं नाही. पण सदूला रुपालीचा पत्ता ठाऊक नाही. तिचं लग्न तो उतरल्यानंतरचं. गावातलं घर आम्ही बापाच्या आजारपणात विकलं, तेही त्याच्यानंतर. दुकानाचा फोन रस्त्याच्या कामात तुटला आणि पुन्हा लागला तो वेगळ्या नंबराने. सदूच्या डोक्यात ह्या सगळ्या जगात आमचा एकच पत्ता आहे, लालजी बिल्डिंग, जिन्याखाली. तो उद्या एस.टी.तून उतरला तर पाय त्याला इथेच आणणार. आणि इथे काच दिसली तर? दारावरच्या वॉचमनने कुठे जायचंय विचारलं तर? सदू 'काय नाय, काय नाय' म्हणेल आणि मागे फिरेल. मी ओळखते त्याला. सगळं जग फिरलेला माणूस, पण हॉटेलात पाणी मागायला लाजायचा.

म्हणून मी अडून बसले. आणि माझ्या हातात अडवण्यासारखं होतं.

विनीतने बिल्डिंग उतरवायचं काम महिपतला दिलं होतं. महिपत जुन्या इमारती मोडतो. भिंत पाडत नाही, उतरवतो. एकेक चिरा, एकेक कौल अख्खं काढतो आणि गावोगाव विकतो. तो माणसं घेऊन आला, बिल्डिंगभोवती एक फेरी मारली, आणि माझ्या दुकानासमोर येऊन उभा राहिला.

"विमलाबाय, निरोपाचा गाऱ्हाणा कवा घालतेस?"

"नाय घालणार."

"मग मी पयलो चिरो काढणार नाय," तो म्हणाला आणि माणसांना घेऊन चहा प्यायला गेला. विनीतने डोक्याला हात लावला. दुसरी माणसं आण म्हणावं तर गावात दुसरं कुणी ह्या कामाचं नाही, आणि बाहेरून आणलेल्यांना महिपतच्या माणसांनी पहिल्याच दिवशी सगळं समजावून सांगितलं असतं.

निरोपाचं गाऱ्हाणं कसं असतं ते सांगायला हवं. मी ते कधी घातलं नव्हतं, बापाने नुसतं शिकवून ठेवलं होतं. घराण्याने जागा सोडायची वेळ आली की जागेवाल्यासमोर पानाचे विडे मांडायचे. घरातल्या जिवंत माणसागणिक एक. मग एकेकाचं नाव घेऊन म्हणायचं की ह्याला तुझ्या राखणीतून आम्ही परत नेतो. नाव घेतलं की ज्याने त्याने पुढे होऊन आपला विडा आपल्या हाताने उचलायचा. गेलेल्या माणसाचा विडा मांडायचा नाही, तो जागेवाल्याकडेच राहिला असं समजायचं. आणि मांडलेला विडा कुणी न उचलता पडून राहिला, तर त्याही माणसाची आशा सोडायची.

आता बोला. सदूचा विडा मांडायचा नाही म्हणजे मी माझ्या तोंडाने तो मेला म्हणायचं. आणि मांडला तर उचलणार कोण?

नातेवाईक येऊन सांगून गेले. बारा वर्षं कधीच उलटली, पळसाच्या पानांचा पुतळा करून विधी उरकून घे, त्यालाही गती मिळेल, तुलाही. चुलतभाऊ आनंदा तर नाकाने कांदे सोलत म्हणाला की शिकलेल्या लोकांनी असल्या विड्यांत अडकू नये. पुतळ्यात अडकलं तर चालतं वाटतं! मी त्याला चहा न देता घालवला.

सगळा हिवाळा मी तशीच बसले. रिकाम्या बिल्डिंगमध्ये मी एकटी, दोराची भेंडोळी आणि वरच्या मजल्यावरची कबुतरं. मला वाईट वाटत नव्हतं असं कसं म्हणू? संध्याकाळी एस.टी.च्या वेळेला रस्त्यावर पिशवी घेतलेला कुणी दिसला की मी काउंटरमागून उठायचे. चाल वेगळी असायची, मी पुन्हा बसायचे. हे रोजचं. सवय झाली की दुखत नाही म्हणतात, ते म्हणणाऱ्यांनी एकदा बसून बघावं.

मग फेब्रुवारीत गॅलरी पडली. दुपारी, भर बाजारात. आधी वाळवीची भुकटी खाली आली, मग करकर झाली आणि उजवीकडची अर्धी गॅलरी रस्त्यावर. तिथे नेहमी हिरा बसते, गुहागरची सुपारी आणि कोकमं विकायला. त्या दिवशी ती जेवणाचा डबा धुवायला नळावर गेली होती. तिची टोपली सागवानाखाली चपटी झाली. हिरा परत आली, टोपलीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. तिला दोन पोरं आहेत.

त्या संध्याकाळी मी दुकान बंद करून महिपतकडे निरोप धाडला, अमावास्या टळली की ये. सदूची वाट मी बघीन, पण हिराच्या डोक्यावर पडकं छप्पर ठेवून नाही.

ठरल्या सकाळी सगळा बाजार जमला. विनीत नवा सदरा घालून आला होता. महिपतची माणसं पहारी बाजूला ठेवून, चपला काढून उभी राहिली. रुपाली आदल्या दिवशीच आली होती, तिच्या छोट्या वेदिकाला घेऊन. मी जिन्याखालची फरशी सारवल्यासारखी स्वच्छ पुसली, नारळ ठेवला आणि विडे मांडले. माझा, रुपालीचा, वेदिकाचा. मग चौथा मांडला. रुपाली हळूच म्हणाली, "आई..." मी तिच्याकडे बघितलं नाही.

"बा महाराजा," मी सुरुवात केली, "लालजीशेटाच्या ह्या जागेत तू आमका आसरा दिलास."

"व्हय महाराजा!"

"भिंत पडत होती ती उभी केलीस. आगबोटी आल्या, गेल्या. पाऊस-वादळात आमची राखण केलीस."

"व्हय महाराजा!"

"आता ही इमारत दमली. तिला उतरवतोय. काय चुकला असेल, आमचा कुठे पाय पडला असेल, तर पदरात घे."

"व्हय महाराजा!"

माझं नाव मी घेतलं आणि विडा उचलला. रुपालीने तिचा उचलला. वेदिकाने उचलून लगेच तोंडात घालायला नेला, लोक हसले, तिच्या आईने हात धरला. आणि मग मी म्हटलं, "माझा भाऊ सदू, त्याला तुझ्या राखणीतून मी परत नेतंय."

कुणी व्हय म्हटलं नाही. कसं म्हणतील? विडा फरशीवर होता. एवढासा हिरवा, त्यावर लवंग टोचलेली. मला वाटलं होतं की वेळ आली की काहीतरी सुचेल. काही सुचलं नाही. मी सरळ पायरीकडे बघत राहिले, दाराकडे. काय बघत होते ते सगळ्यांना कळत होतं आणि मला लाज वाटली नाही. बाहेर रिक्षा हॉर्न वाजवून गेली. विनीत खाली मान घालून उभा होता.

तेव्हा महिपत पुढे आला. खाकरला.

"विमलाबाय, तू एक ईसरलीस," तो म्हणाला. "जो वाटेवर हाय, त्याचा विडा घरच्यान् उचलायचा असतो. पण आदी त्याला नव्या घराची वाट सांगायची. सगळ्यांच्या म्होरं, मोठ्यान्. जागेवालो आयकतो आणि त्याच्या कानावर घालतो. तशी रीत हाय."

तशी रीत नाही. माझ्या बापाने मला निरोपाचं गाऱ्हाणं शब्दन्‌शब्द घोकून घेतलं होतं, त्यात असं काही नव्हतं. महिपतने ते उभ्या उभ्या रचलं होतं, आणि त्याच्या तोंडावरून ते मला दिसत होतं. मी एकदा त्याच्याकडे बघितलं. तो छपराकडे बघायला लागला.

मी डोळे पुसले.

"सदू," मी म्हटलं. महाराजा म्हणायचं सोडून सदूच म्हटलं. "हितं आलास आणि काच दिसली तर घाबरू नको. ही आपलीच जागा. मी चिपळूणला रुपालीकडे हाय."

"व्हय महाराजा!" महिपत एकटाच ओरडला. मग त्याची माणसं. मग सगळा बाजार.

"चिपळूणला स्टँडवर उतर. कोणालाही इचार, लाजू नको. गणपतीच्या देवळामागची गल्ली."

"व्हय महाराजा!"

"गल्लीत शिरलास की डाव्या हाताला पिठाची गिरणी. तिच्या म्होरं निळा गेट."

"व्हय महाराजा!"

"दुसरो मजलो. पुराचा पाणी तितं येत नाय. दारावर रुपालीच्या नवऱ्याचा नाव हाय, ता तुला ठाऊक नाय. सुर्वे म्हणून. तेच दार."

लोकांचा आवाज आता मोठा झाला होता. हिराचा मला वेगळा ऐकू आला. रुपाली तोंडावर पदर घेऊन रडत होती आणि रडता रडता व्हय म्हणत होती.

"बेल वाजत नाय," मी म्हटलं. "दार ठोक. माझे गुडघे दुखतात, मला उठायला येळ लागतो. म्हणून दोनदा ठोकून परत फिरू नको, सद्या. थांब. मी येतंय."

"व्हय महाराजा!"

मी वाकले आणि त्याचा विडा उचलला.